बठ्ठाचं स्पेलिंग

नाव बदलणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. धुळ्याच्या देवपुरातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. तिथल्या फाइल सर्व्हरचं नाव बठ्ठा. अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळा. सगळ्या मुलांच्या फायली त्याच्या पोटात, मग दुसरं काय नाव ठेवणार?

खरं तर हा शब्द माझ्या घरचा नव्हे. मी जळगावच्याही पलीकडची, आमची बोली वेगळी. धुळ्यात आल्यावर पहिल्याच बाजारात मेथीवाली म्हणाली, "बठ्ठीच लई जा ना, अक्का," आणि त्या एका शब्दापायी मी टोपलीभर मेथी घरी आणली. आठवडाभर घरच्यांची तोंडं वाकडी. पण शब्द माझा झाला.

आमच्या विभागप्रमुख सरांना मात्र या नावाची लाज वाटायची. सर साक्रीकडचे, आईशी फोनवर अस्सल अहिराणी बोलणारे. पण वर्गात कुणी 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलं की लगेच कपाळाला आठी.

"मॅडम, बाहेरून परीक्षक येतात. सर्व्हर-वन म्हणा की सरळ."

"सर, तुम्ही मुलाचं नाव मुलगा-वन ठेवलंय का?"

विषय तिथे संपायचा, म्हणजे पुढच्या आठवड्यापर्यंत.

आमच्या लॅबमधलं प्रत्येक युनिक्स यंत्र सुरू होताना बठ्ठाला शोधतं आणि त्याच्यावरचं मुलांचं फोल्डर स्वतःला जोडून घेतं. पूर्वी बठ्ठाचा पत्ता प्रत्येक यंत्रात वेगळा लिहिलेला असायचा. पत्ता बदलला की एकेका खुर्चीत बसून खोडाखोड करा. वैतागून मी नेम सर्व्हर बसवला. गावात नवखा माणूस पारापाशी थांबून घर विचारतो, तसं यंत्रांनी आता एकाच ठिकाणी नाव सांगायचं आणि पत्ता घ्यायचा. जुने पत्ते मी खुशाल पुसून टाकले.

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी, प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी, निम्म्या लॅबने हात वर केले. फोल्डरं रिकामी, वर्षभराचं काम गायब. पारोळ्याहून येणारी एक मुलगी रडकुंडीला आली. "मॅडम, मन्हं बठ्ठं गयं!"

सर दारातच उभे होते. "बघा! ठेवा अजून सर्व्हरला अहिराणी नावं! परीक्षक येण्याआधी हे नाव काढा, नाहीतर त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

मला संताप आला. मुलांच्या फायली बठ्ठावर सुखरूप होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मग एका रुसलेल्या यंत्रात डोकं घातलं आणि कारण दिसल्यावर हसूच फुटलं. ही यंत्रं मुलांनीच लावली होती. बोलीला शुद्धलेखन कुठलं, त्यात इंग्रजी अक्षरं! कुणी बठ्ठात एकच टी घातला होता, कुणी दोन. कुणाला एक एच पुरला नव्हता, कुणी शेवटी डबल ए लावून गडी आणखी लांबवला होता. प्रत्येकाने आपल्या यंत्रात पत्ताही आपल्याच स्पेलिंगपुढे लिहिलेला, म्हणून आजवर निभावलं. नेम सर्व्हरला फक्त माझं स्पेलिंग ठाऊक. बाकीच्यांना तो सांगत होता, या नावाचं इथे कुणी राहत नाही.

"सर्व्हर-वनमध्ये असं झालं असतं का?" सरांनी विचारलं.

नसतं झालं. मान्य. पण सोयीसाठी नाव सोडायचं, तर उद्या आपण सगळेच नंबराने हाका मारून घेऊ.

"निदान पोरांच्या चुका तरी दुरुस्त करा."

तेही मी करणार नव्हते. साक्रीचं बरोबर की पारोळ्याचं, हे ठरवणारी मी कोण? जळगावपलीकडची! मी नेम सर्व्हरच्या फायलीत मुलांचं एकूण एक स्पेलिंग बठ्ठाचंच टोपणनाव म्हणून लिहिलं, फाइल बदलल्याची खूण म्हणून तिचा क्रमांक वाढवला आणि नेम सर्व्हरला ती पुन्हा वाचायला लावली. मग यंत्रांना हुकूम सोडला, लिहिलेलं असेल ते सगळं जोडा. एकेका पडद्यावर फायली दिसू लागल्या.

सर पारोळ्याच्या मुलीच्या खुर्चीमागे वाकले. आवाज एकदम घरचा झाला. "बठ्ठं शे ना व?"

"शे, सर."

दोन-तीन मुलांनी माना वळवल्या. काय बोलून गेलो ते सरांच्याही ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तरी परीक्षा झाली की सर्व्हर-वन करून टाका, मॅडम."

"करते," मी म्हणाले, आणि केलंही. त्याच फायलीत, मुलांच्या सगळ्या स्पेलिंगांच्या खाली, बठ्ठाचं आणखी एक टोपणनाव लिहिलं: सर्व्हर-वन. सर आता रोज तेच टाइप करतात आणि खूश असतात. दार बठ्ठाच उघडतो.