पिवळ्या आणि घरातले इमानदार स्क्रू

स्टोअरकाकांचा एका वस्तूवर भारी जीव होता. ती वस्तू म्हणजे पिवळ्या. बायकोचा नंबर त्यानंतर कितवा लागतो, हे काकूंनी विचारायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

पिवळ्या हा स्क्रूड्रायव्हर. काकांनी पहिल्या पगारात घेतलेला, म्हणजे काकूंच्याही आधी घरात आलेला. त्याची मूठ कधीकाळी पिवळी होती म्हणे. आता तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून ती मनगटाएवढी जाड झाली होती, आणि टोक असं गोल झिजलं होतं की तान्ह्या बाळाच्या हातात खुशाल द्यावं.

काका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं होते. जुनं हत्यार जमा केल्याशिवाय नवं द्यायचं नाही, हा तिथला नियम. हाताला बसलेला पाना देताना एखादा फिटर रडकुंडीला आला, की काका म्हणायचे, "लोखंडावर कसलं प्रेम करतोस रे?" आणि पाना भंगाराच्या पेटीत. तेच काका घरी आले की पिवळ्याला तेलाचा हात लावून मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे. ते फडकं काकूंच्या चांगल्यातल्या चादरीचं होतं. काकूंना विचारलं होतं का कुणी?

झिजलेलं टोक स्क्रूच्या खाचेत बसायचंच नाही. सटकायचं. सटकलं की खाच थोडी सोलून निघायची. असं करता करता काकांनी घरातल्या एकूण एक स्क्रूचं डोकं भादरून ठेवलं होतं. कपाटाची बिजागरी घ्या, बेलचं बटण घ्या, मिक्सरचं बूड घ्या, एकाचीही खाच धड नाही. बाहेरचा मेकॅनिक आला की चांगलं कोरं हत्यार घेऊन घाम गाळायचा आणि शेवटी हात टेकायचा. मग काकांची छाती फुगायची. "बघितलंत? आमच्या घरातले स्क्रू इमानदार आहेत. पिवळ्याशिवाय कुणालाही दाद देत नाहीत!"

मेकॅनिक काकूंकडे बघायचा. काकू छताकडे बघायच्या.

तर अशा या घरात, एकोणसाठाव्या वर्षी, काकू गाडी चालवायला शिकल्या. हौस म्हणून नव्हे. त्यांची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, पायाने अधू. तिला भेटायचं तर काकांची मर्जी सांभाळायची. आज ऊन फार आहे, उद्या टायरमध्ये हवा कमी आहे, परवा नुकतीच गाडी पुसली आहे. वर्षातून दोन भेटी झाल्या तरी डोक्यावरून पाणी. शेवटी काकूंनी गुपचूप शिकवणी लावली. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, आणि काकांना कळलं ते तेव्हाच. दुसरी तारीख मिळायला तीन महिने लागले.

त्या दिवशी साडेदहाला परीक्षा होती. दहाला शिकवणारी मॅडम खाली येऊन हॉर्न वाजवणार होती. साडेनऊला काकू आंघोळ उरकून, कपडे करून बाथरूमच्या दाराशी आल्या, हँडल दाबलं, आणि ते मधल्या चौकोनी दांडीसकट त्यांच्या हातात आलं.

आदल्याच दिवशी काकांनी ते दुरुस्त केलं होतं. कशाने, हे सांगायला नको.

"अहो! हँडल निघालं!"

"थांब, थांब, काही करू नकोस! उगाच बिघडवून ठेवशील!" काका पिवळ्याला घेऊन धावत आले. हँडलची बाहेरची लोखंडी पट्टी चार स्क्रूंवर होती. चारही इमानदार.

"अहो, खालच्या सुताराला बोलवा ना."

"सुताराला काय कळतंय? पाच मिनिटं."

पाचाची पंचवीस झाली. दाराबाहेर सटक, सटक आवाज चालू होता. आत काकू हँडल हातात धरून पालथ्या बादलीवर बसल्या होत्या आणि मनात गिअर टाकत होत्या. तोच खाली हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. आता पुन्हा तीन महिने. बहिणीला काय सांगायचं? तिने सकाळीच फोन करून सांगितलं होतं, पास झालीस की मला सगळ्यात आधी कळव.

तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला. इतका मऊ आवाज काकूंनी लग्नानंतर ऐकला नव्हता.

"थोडं सांभाळून घे, राजा. इतकी वर्षं साथ दिलीस. आजच्या दिवस माझी लाज राख."

काकूंना भरूनच आलं. हा माणूस असं बोलू शकतो? राग कुठच्या कुठे गेला. त्या दाराला कान लावून हळूच म्हणाल्या, "अहो, घेते हो मी सांभाळून. चालायचंच."

पलीकडची सटक, सटक थांबली.

"तुला नाही गं," काका म्हणाले, "याला म्हणालो."

काकू उठल्या. आधी डोळे पुसले. मग फळीवरची नखं कापायची कात्री घेतली, मिटली, दांडी निघून पडलेल्या चौकोनी भोकात घातली आणि पिरगाळली. खट्. दार उघडलं ते थेट काकांच्या कपाळावर.

"अगं, हळू! टोक मोडलं असतं याचं!"

काकूंनी पर्स उचलली आणि चपला हातात घेऊनच जिना उतरल्या.

एक वाजता त्या परत आल्या. हातात पास झाल्याचा कागद होता. काका जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पिवळ्याला नवी चिकटपट्टी गुंडाळत बसले होते. कपाळावर चांगलं टेंगूळ आलेलं. काकूंनी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि उभ्या राहिल्या. काकांनी एकच प्रश्न विचारायला हवा होता. दोन शब्दांचा असता तरी चाललं असतं.

काकांनी कागद हळूच बाजूला सरकवला, कारण त्याच्याखाली पट्टीचं टोक अडकत होतं.

"अगं," ते म्हणाले, "कात्री कुठे ठेवलीस?"

काकू आत गेल्या. पिशवीत चार कपडे भरले, औषधं घेतली, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

"अगं, निघालीस कुठे? कोण नेतंय?"

"बहिणीकडे. मीच नेतेय."

"परत कधी येणार? आणि माझ्या जेवणाचं काय?"

काकूंनी टेबलावरचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"राजाला सांगा," त्या म्हणाल्या, आणि दार ओढून घेतलं.