हरवलेली दोन मुळं

कारखान्यांतल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे ‘वैद्यबुवा’ म्हणत, कारण दिवसभर तो मुळं शोधायचा. झाडांची नव्हे, समीकरणांची. एकाच टेबलावर दोन यंत्रहात फिरणार असले, की त्यांच्या हालचालीचं लांबलचक समीकरण तयार व्हायचं. त्याला खरं मूळ सापडलं तर त्या क्षणी टक्कर, नाही सापडलं तर रस्ता मोकळा.

हात तिरपे बसवलेले, म्हणून समीकरणात दोनाचं, तिनाचं वर्गमूळ यायचं. वैद्यबुवांचा प्रोग्राम ती वर्गमुळं तशीच सांभाळायचा, दशांशात मोडायचा नाही. उत्तर चोख, पण चाळीस मिनिटांनी.

“गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत हवंय,” साहेब म्हणाले. “दशांश घाला आणि मोकळे व्हा.”

दोन दिवस त्याने हुज्जत घातली. तिसऱ्या दिवशी कंटाळून वर्गमुळांच्या जागी बारा स्थळांपर्यंतचे दशांश घातले. शंभर उदाहरणं तपासली, सगळी बरोबर आली.

पाच महिने सगळं बिनबोभाट चाललं. मग एका दुपारी ते दोन हात एकमेकांवर आदळले, लोखंडाचा तुकडा उडाला आणि मशीन चालवणाऱ्या बाईंच्या मनगटात घुसला.

आठवड्याभराने कारखान्याच्या नोंदी हाती आल्यावर वैद्यबुवांनी तीच हालचाल दोन्ही पद्धतींनी तपासली. जुन्या पद्धतीत एकमेकांना अगदी चिकटून दोन मुळं, नव्या पद्धतीत एकही नाही. समीकरण सोळाव्या घाताचं होतं. शेवटच्या दशांशातल्या किरकोळ फरकाने दोन्ही मुळं गडप झाली होती. तो डोकं धरून बसला.

“सेन्सर बिघडला असं अहवालात लिहा,” साहेब आवाज खाली आणून म्हणाले. “तुम्हीही सुटाल.”

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“असं होईल हे तुला माहीत होतं?”

“शंका होती.”

तिने घड्यांचा ढीग उचलला आणि कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता. त्याने अडखळत सगळं सांगितलं.

“म्हणजे मी चुकीचं बटण नव्हतं दाबलं?” बाईंनी विचारलं.

“नाही. चूक माझी.”

“आठवडाभर तेच डोक्यात घोळतंय. घरचेही म्हणतात, तुझंच लक्ष नसेल.” त्या उशीला टेकून उठून बसल्या. “हे कागदावर लिहून द्याल?”

त्याने लिहून दिलं, सही केली आणि अहवालातही तेच लिहिलं. बाईंची नोकरी टिकली, पण दोन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत. वैद्यबुवांना त्या कामावरून काढून जुन्या प्रोग्रामांच्या डागडुजीला बसवलं.

पुढे दुसऱ्यांनी मधला मार्ग काढला: आधी दशांश, आणि शंका आली तेवढ्याच जागी चोख हिशेब. वेळ नऊ मिनिटं. गिऱ्हाइकाने ती कुरकुर न करता मान्य केली. हे ऐकल्यावर वैद्यबुवा जेवणाचा डबा न उघडताच जागेवर बसून राहिला. ही नऊ मिनिटं त्यानेही तेव्हाच मागितली असती, तर मिळाली असती.