दाबायची नाही, फिरवायची

कारखान्यात त्याला सगळे 'दट्ट्या' म्हणत. सिरिंजच्या नळीत सरकणारा दट्ट्या कसा असावा, याच विचारात त्याची बावीस वर्षं गेली होती. लग्न राहून गेलं. आई गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही. ताई दुसऱ्या गावी, तिच्या संसारात.

एकदा हाडांची डॉक्टरीण तावातावाने त्याच्या टेबलाशी आली. मोडलेल्या मणक्यात ती सिमेंटसारखं घट्ट औषध भरायची.

"तुमची सिरिंज दाबून अंगठा गळून पडतो माझा. आधी काही येतच नाही, मग येतं ते भसकन! जास्त गेलं तर नसेवर दाब येऊन पेशंटचा पाय लुळा पडेल."

"किती जोर लावता?"

"ते मोजत बसू का?"

त्याने तिला वजनकाट्यावर अंगठा दाबायला लावला. चौदा किलो.

मग त्याने दाबणंच काढून टाकलं. दट्ट्याच्या दांड्याला स्क्रूसारखे आटे पाडले. मूठ एक फेरा फिरवली की ठरलेलंच औषध बाहेर. पण फिरवणं थांबवलं तरी आतल्या दाबाने औषध पाझरत राही. घरी टूथपेस्ट भरून तो तासन् तास बसे. "आता थांब ना गं बाई," असं सिरिंजला म्हणे आणि स्वतःच्याच आवाजाने दचके. अकरा महिन्यांनी जमलं: मूठ पाव फेरा उलटी फिरली की दाब सुटायचा.

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, 'अंगठा शाबूत आहे.' त्याने तो तीनदा वाचला. दाखवणार कोणाला?

दोन वर्षांनी ताई न्हाणीघरात घसरली. मणका मोडला. तो धावत तिच्या गावच्या दवाखान्यात गेला. औषध भरून झाल्यावर त्याने नर्सला हळूच विचारलं, "सिरिंज कुठली वापरली?"

"ती फिरवायची असते ना, ती."

ताई गुंगीत होती. "कळ गेली रे."

"ताई, ती सिरिंज माझी."

"तू विकतोस?"

"नाही गं, मी तयार केली. स्वतःचं डोकं लढवून."

"मला वाटायचं, तू तिथे मशीन चालवतोस."

"कधी विचारलं नाहीस."

"तू तरी कधी सांगितलंस? सांग आता."

तो खुर्ची पुढे ओढून सांगू लागला. चौदा किलो, आटे, पाव फेरा. हातवारे करत, भडाभडा. एवढं तो वर्षभरात कोणाशी बोलला नव्हता. मध्येच त्याने पाहिलं, ताईचा डोळा लागला होता.

राहिलेलं त्याने हळू आवाजात सांगून टाकलं, तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि बसस्टॉपकडे निघाला.