अक्काचं कुंकू आणि बर्लिनची भिंत

बर्लिनची भिंत उभी होती तेव्हा आमच्या घरातले दोघे जण ती ओलांडून पलीकडे गेले होते आणि परत येताना त्यातला एक जण मेला, असं त्याचं स्वतःचं मत होतं. तो मी.

चाळीस वर्षं होत आली. मी जळगावहून पश्चिम बर्लिनच्या एका यंत्रांच्या कारखान्यात दोन वर्षांसाठी गेलो होतो. बायकोला, सुनंदाला, नववा लागला म्हणून आईला बोलावून घेतलं. आई पिंपळनेरची, तिला सगळं गाव अक्का म्हणे, म्हणून मीही. डिंकाचे लाडू आणि ज्वारीचे पापड, म्हणजे आमचे बिबडे, घेऊन ती आली आणि आठ दिवस खिडकीतून ती भिंत बघून कंटाळली. "पलीकडे काय शे, ते तरी दाखाड," म्हणाली. डॉक्टरांच्या मते अजून दहा दिवस होते. सुनंदाचं म्हणणं एवढंच, "वेळेला तुम्ही माझ्याजवळ हवेत, बाकी कुठेही हिंडा." मी वचन दिलं.

जाताना अक्काला बजावलं: हसायचं नाही, बोट दाखवायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, तिकडे कम्युनिस्ट राज्य आहे. म्हणजे काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सगळं सरकारचं. आपल्या गावच्या गायरानासारखं, असं म्हणून तिने तो विषय संपवला.

पूर्वेकडे रस्ते रुंद आणि गप्प होते. एके ठिकाणी रांग दिसली. रांग आहे म्हणजे पुढे काहीतरी चांगलंच असणार, या रेशन दुकानाच्या अनुभवावर अक्का तिच्यात उभी राहिली. अर्ध्या तासाने दोन कोबी मिळाले. ते बगलेत मारून (दुसरं कोण मारणार!) मी परतीच्या नाक्यावर आलो.

तिथे दारातच रडारड चालली होती. पश्चिमेहून भेटायला आलेले पाहुणे परत जायला आत शिरायचे, पूर्वेच्या माणसांना दारापर्यंतच सोबत करता यायची. एक म्हातारी लेकीच्या गळ्यात पडून हमसून रडत होती. अक्का थांबली.

"लेक सासरले चालनी का?"

मी म्हटलं, तसंच समज. (दोन महासत्तांचं भांडण त्या दारात उभं राहून अहिराणीत कसं सांगणार?) झालं! लेक सासरी निघाली आणि कपाळ मोकळं? अक्काने पिशवीतून कुंकवाची डबी काढली, त्या बाईच्या कपाळाला बोट लावलं आणि म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको माय. दिवाळीले येई ती."

म्हातारीला अक्षर कळलं नसणार. पण तिने अक्काच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले. ते पुसतो न पुसतो तोच आणखी दोघी कपाळ पुढे करून उभ्या, आणि लांबून एक शिपाई आमच्याकडे निघालेला! मी अक्काच्या हातातली डबी हिसकावली, सदऱ्याच्या खिशात कोंबली आणि पासपोर्टच्या खिडकीपाशी धावलो. झाकण अक्काच्या हातातच राहिलं होतं.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, मला पाहिलं, मग माझ्या छातीकडे पाहून तो उठूनच उभा राहिला. मी खाली बघितलं. घामाने भिजलेला पांढरा सदरा खिशापासून पोटापर्यंत लालभडक! मला गोळी लागली होती. आवाज आला नव्हता, पण पुढारलेला देश, बिनआवाजाच्या बंदुका असतील, एवढाच विचार सुचला आणि मी कोबींसकट खाली कोसळलो.

शुद्धीवर आलो तेव्हा बाकड्यावर होतो. सदऱ्याची बटणं काढलेली, छाती शाबूत. अधिकारी डबी हुंगत होता. अक्काने ती त्याच्या हातातून घेतली, झाकण लावलं आणि त्याला समजावलं, "लहानपणथीन असाच शे तो. सुई पाहीसन बी पडस."

अधिकाऱ्याला भाषा कळली नाही, माणूस कळला. त्याने हसू दाबत शिक्के मारले.

घरी आलो तर दाराला कुलूप. सुनंदाच्या कळा सुरू झाल्या म्हणून शेजारीण तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. सदरा बदलायला वेळ कुठला! तसाच धापा टाकत प्रसूतीच्या मजल्यावर पोहोचलो. मला पाहताच दोन नर्सनी दोन्ही दंड धरले. घाबरल्यावर माझं जर्मन "माझी बायको, माझी बायको" एवढंच उरलं. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बायकोने याला का भोसकलं असावं, याचा विचार करत मला उचलून रिकाम्या खाटेवर टाकलं. ती खाट सुनंदाच्याच खोलीत होती.

लेक आता पुण्याला असते. तिच्या जन्माच्या वेळी मी कुठे होतो, असं जावयाने परवा विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, वचन दिल्याप्रमाणे अगदी तिच्या आईशेजारी.

"हो," सुनंदा म्हणाली, "आणि आमच्या दोघांत आधी सलाईन यांना लावलं."