तुटल्याचा निरोप, तुटलेल्या लाइनवरून

नेटवर्कची वायर मीच उपटली आणि विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. स्थळ मानेसर, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. समोर तिथले डिस्पॅच मॅनेजर चौधरीजी, शेजारी माझे बॉस मल्होत्रासाहेब. आता स्क्रीनवर 'कनेक्शन लॉस्ट' अशी लाल पट्टी झळकणार होती.

झळकली नाही.

आमचं सॉफ्टवेअर होस्टेड. म्हणजे ते राहायचं नोएडात, आमच्या सर्व्हरवर. कारखान्यात नुसता ब्राउझर. मधली लाइन गेली तरी ब्राउझरला पत्ता नसायचा. जुनीच यादी दाखवत तो निवांत बसायचा. त्या यादीवर विसंबून चौधरीजींनी रद्द झालेल्या ऑर्डरचा ट्रक भरून रवानाही केला होता. लाइन गेल्याचं कळलं पाहिजे, नाहीतर सॉफ्टवेअर परत, असं त्यांनी बजावलं होतं. सॉफ्टवेअरबरोबर मीही परत, असं मल्होत्रासाहेब वाटेत गोड आवाजात सांगत आले होते.

चहा आला, संपला. स्क्रीन ढिम्म. सर्व्हरवर लोड असेल, असं पुटपुटत मी वायर परत खोचली. लगेच लाल पट्टी झळकली: कनेक्शन लॉस्ट.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लाइन तुटल्याचा निरोप मी नोएडाहून पाठवत होतो. त्याच लाइनवरून.

चौधरीजींनी कप खाली ठेवला. "इंजीनियर साहब, ये तो ऐसा हुआ कि आदमी मर गया और अपनी तेरहवीं का न्योता खुद बाँटने आया."

मल्होत्रासाहेब हसले नाहीत. एवढ्यात गेटवरचा गार्ड आत आला. "पेंडसे साहब कौन हैं? घर से फोन है. मैडम पूछ रही हैं, पहुँचे कि नहीं."

पोहोचलो की बायकोला मिस्ड कॉल द्यायचा, हा आमच्या घरचा नियम. डेमोसाठी मोबाइल बंद करताना मी तो विसरलो. तिला कुणी काही कळवलं नव्हतं. मिस्ड कॉल आला नाही, एवढ्यावरून तिनं कारखान्याच्या गेटवरचा फोन गाठला होता.

मी गेटवर धावलो. "अगं, तू ग्रेट आहेस!"

"ते राहू दे. पोहोचलास का?"

चौधरीजींकडून संध्याकाळपर्यंत मुदत मागितली आणि तिथेच बसून कोड बदलला. आता ब्राउझरच दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारणार, आहेस ना? उत्तर आलं नाही, तर स्वतःजवळची लाल पट्टी लावणार आणि बटणं बंद करणार. आमच्या धंद्यात याला हार्टबीट म्हणतात. आमच्या घरात मिस्ड कॉल.

या वेळी वायर चौधरीजींनी उपटली. पट्टी आली. खोचली, गेली. मग ते नव्या खेळण्यासारखे उपटत-खोचतच बसले. शेवटी म्हणाले, "सिस्टम रहेगा. पर अगली बार भाभीजी को भेजना."

धडा एवढाच: तुटलेल्याकडून निरोपाची वाट पाहू नये. निरोप आला नाही, हाच निरोप.

हे तत्त्व मी गाडीत मल्होत्रासाहेबांना रंगवून सांगत होतो. निघतानाही मिस्ड कॉल द्यायचा असतो आणि माझा मोबाइल अजून बंदच आहे, हे गुडगाव ओलांडल्यावर आठवलं. तोवर त्यांचा मोबाइल वाजायला लागला होता.