फेलिक्स म्हणजे नशीबवान

रिटायर झाल्यावर आमच्या सेक्शनचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. कुणी एक किस्सा टाकला की खाली दहा उगवतात, आणि त्यातले निम्मे फेलिक्सदादांचेच असतात!

दादा रांचीकडून जवाहरनगरच्या फॅक्टरीत आले. पहिल्याच दिवशी आमच्या सेक्शनमधल्या, करडी गावच्या देवाजीनं त्यांना नावाचा अर्थ विचारला.

"लॅटिन नाम है. मतलब, नसीबवाला."

"मंग या सेक्शनमधी कायले आले?"

"आपका नसीब."

*

झालं! पोरांच्या परीक्षेच्या पेनापासून नव्या स्कूटरपर्यंत सगळ्याला दादांचा हात लागू लागला. तोवर ते आमची बोलीही शिकले होते. क्रिकेटच्या टॉसला त्यांना पाठवलं, तर हरून आले.

साहेब म्हणाले, "अहो, नशीबवान ना तुम्ही?"

"हो जी. पण समोरच्या कॅप्टननंबी आधी माह्या हाताले हात लावला."

*

देवाजी त्यांना भाताच्या रोवणीला करडीला घेऊन गेला. धानाची पहिली मूठ नशीबवान हातानं लागावी, एवढीच इच्छा. दादा चिखलात उतरले आणि मन लावून रोपं लावली. वर येऊन पाहतात तर शेताची ती बांधी शेजाऱ्याची!

त्या साली शेजाऱ्याचं धान असं काही आलं, की पुढच्या वर्षी दादांना दोन्ही घरचं बोलावणं होतं.

*

देवाजीच्या सुनेची दोन बाळं गेली होती. तिसरं जगलं. देवाजी जेवणाच्या सुट्टीत दादांना म्हणाला, "नातवाले तुमचं नाव देतो."

कधी न चिडणारे दादा डबा सोडून उठले. "माह्या पोराचं नावबी फेलिक्सच होतं. सात वर्षांचा होऊन गेला. नका देऊ."

आम्हाला इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं. फार लाज वाटली.

देवाजी हळूच म्हणाला, "मंग ते नाव अर्धंच राह्यलं, दादा. आमच्या घरी पुरं होऊ द्या."

दादा डबा तिथंच टाकून निघून गेले.

बारशाला ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. बाळाची आत्या कानात नाव सांगायला वाकली, तेवढ्यात दादा दारात. "मी सांगू काय, बाई?"

त्यांनी बाळाला उचललं आणि कानाशी तोंड नेलं. बराच वेळ झाला तरी ते सांगतच होते.

आत्या म्हणाली, "नाव तं एवढंसंच आहे, दादा. किती वेळ सांगून राहिले?"

"दोघाइले सांगून राहिलो, बाई."