पास कोण झालं?

पाडव्याला आम्ही नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या घरावर गुढी उभारली, तीही दाराशेजारी झेंडा लावायच्या खोबणीत. जरीची साडी, वर उपडा तांब्या. शेजारच्या डच आजी लगबगीनं आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अभिनंदन! पास कोण झालं?"

इथे कुणी परीक्षा पास झालं की घरावर झेंडा लावतात आणि काठीला त्याचं दप्तर लटकवतात. आजींना वाटलं, आमच्यात दप्तराऐवजी तांब्या लावत असतील! "कुणी नाही हो," मी हसून म्हटलं, आणि घरात येऊन रडले. पुण्याची एम.एस्सी. केमिस्ट्री मी, नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि लेकीला वाढवता वाढवता घरातच राहिले. अर्ज करीन तिथे एकच उत्तर: डच येत नाही, लॅबच्या कामाचा अनुभव नाही.

त्याच वर्षी लायडनला लॅब तंत्रज्ञाच्या दोन वर्षांच्या कोर्सला नाव घातलं. सासूबाई फोनवर कडाडल्या, "एम.एस्सी. झालेली सून आता आयटीआयला जाणार? चार लोकांत आम्ही सांगायचं काय?"

"सांगा, सून शिकतेय म्हणून. खोटं आहे का?"

फटकळ म्हणून मी सासरी प्रसिद्धच आहे. पण आता नापास झाले असते तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

एम.एस्सी.ला आमच्या अख्ख्या बॅचला एक यंत्र, ते सर चालवायचे आणि आम्ही आकडे उतरवायचो. इथे बाईंनी पहिल्याच आठवड्यात यंत्र पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "चालव." काय मजा आली म्हणून सांगू! उघडलं, पुसलं, बिघडवलं, परत जुळवलं. डचनं मात्र तोंडाला फेस आणला. पहिल्या तोंडी परीक्षेत सपशेल आपटले. मग रोज पोळ्या लाटताना लेक माझी उजळणी घ्यायची आणि वैतागायची, "आई, प्लीज! 'ख' घशातून!"

शिकाऊ म्हणून ज्या लॅबमध्ये गेले, तिथेच नोकरी लागली. एम.एस्सी.नं मला पुष्कळ दिलं, पण ही नोकरी या दोन वर्षांनी दिली, आणि हे मी कुणालाही ठणकावून सांगते.

निकाल लागला तेव्हा सासूबाई इथेच होत्या. लेकीनं झेंडा लावला, काठीला माझी कळकट बॅग अडकवली. सासूबाई बाहेर आल्या, वर बघितलं आणि तडक आत गेल्या. झालं, म्हटलं, आता ऐकावं लागणार. तर त्या हळदीकुंकू घेऊन आल्या आणि काठीला बोटं लावली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आजींनी बॅगेकडे बोट दाखवत तोच प्रश्न विचारला. सासूबाईंना डचचं ओ की ठो कळत नाही. पण मी तोंड उघडायच्या आत त्या पदर सावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमची सून!"